दूध संस्थेच्या हिशेबाला मायएसक्यूएल : सबक्वेरीपुरतं सांगते

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलन मी तीन वर्षं मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसवर, म्हणजे नोंदी टेबलांत ठेवून हव्या तशा काढून देणाऱ्या प्रोग्रॅमवर, ठेवलं. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर दहा दिवसांनी बिल. फुकट मिळतं, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं आणि सबक्वेरी, म्हणजे एका क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) कंसात लिहिलेली दुसरी क्वेरी, तर त्यात २००४ च्या ४.१ पासून आहे. पण सबक्वेरी कुठं कुठं अडते ते आधीच माहीत असलेलं बरं.

दिवाळीला सभासदांना दुधाचा फरक (दरातली वाढीव रक्कम) वाटायच्या आधी सगळ्यात जास्त दूध घातलेले दहा सभासद काढून त्यांची फॅट बघायची होती. 'इन'च्या (यादीत असलेलेच निवड) कंसात सिलेक्ट लिहिलं, शेवटी लिमिट १०, म्हणजे पहिल्या दहाच ओळी. लगेच एरर १२३५. 'इन'मधल्या सबक्वेरीत लिमिट चालत नाही, ८.४ या पुढच्या आवृत्तीतही नाही. मग ती दहा जणांची यादी फ्रॉममध्ये घालून मूळ टेबलाला जोडायची (जॉईन करायची), तिथं लिमिट चालतं. कंसापुढं यादीला नाव मात्र द्यायचंच, नाहीतर १२४८. आता मी 'विथ'नं वरच नाव देऊन ठेवते. ही सोय ८.० मध्ये आली, आणि सहा महिन्यांनी वाचतानाही क्वेरी कळते.

लाईट गेली की आमच्याकडं कधी कधी एकच नोंद दोनदा पडते. त्यातली पहिली ठेवून दुसरी डिलीट करायला गेले तर १०९३ : ज्या टेबलातून काढायचं, त्याच टेबलावर सबक्वेरी चालत नाही. आणखी एका कंसात गुंडाळून, नाव देऊन काम झालं. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या फुकट डेटाबेसमध्ये 'इन'मधलं लिमिट आणि हे डिलीट, दोन्ही गोष्टी सरळ होतात. फरक मोठा आहे.

एरर आली की निदान थांबता तरी येतं. 'नॉट इन' (यादीत नसलेले निवड) गप्प राहून चुकीचं सांगतं. या दहा दिवसांत दूध न घातलेले सभासद शोधले, यादी रिकामी आली. "सगळ्यांनी घातलंय," असं मी सचिवांना सांगूनही टाकलं. संध्याकाळी शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, आमची म्हैस आटून महिना झाला की!" संकलनातल्या एका ओळीत सभासद कोड नल, म्हणजे रिकामा, राहिला होता. कंसातल्या यादीत एक जरी नल आला तरी 'नॉट इन' एकही ओळ देत नाही. हा एसक्यूएलचाच नियम आहे, पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही तसाच. त्याच रात्री ती ओळ दुरुस्त केली, कोडचा रकाना रिकामा राहू नये म्हणून त्याला नॉट नल लावलं आणि सगळ्या क्वेऱ्यांत 'नॉट इन'ऐवजी नलनं न फसणारं 'नॉट एक्झिस्ट्स' घातलं.

मायएसक्यूएलला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. नवीन सुरू करणाऱ्यांनी सरळ ८.४ घ्यावं, ८.० चा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचाच.