‘मॅच्ड’ ईएल ३४ च्या नावाखाली गेलेले १५,२०० रुपये

पुण्यात व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधणाऱ्यांपैकी आणखी कोणी फसू नये, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे. पुश-पुलसाठी, म्हणजे ट्यूबा जोडीने आलटूनपालटून काम करतात त्या रचनेसाठी, चार ईएल ३४ (पॉवर ट्यूब, म्हणजेच व्हॉल्व्ह) घेतल्या. ट्यूबांचे १२,८०० आणि मॅचिंगचे (सारखा प्रवाह घेणाऱ्या ट्यूबा निवडून जोड्या लावण्याचे) २,४०० असे १५,२०० रुपये मी यूपीआयने दिले.

तपकीर गल्लीजवळ भेटलेल्या त्या विक्रेत्याने प्रत्येक ट्यूब माझ्यादेखत एका जुन्या टेस्टरला लावली, काटा चारही वेळा हिरव्या पट्ट्यात गेला, आणि चारही खोक्यांवर एकाच पेनाने ‘३८’ लिहिलेले होते. तिथेच माझे डोळे उघडायला हवे होते! किती प्लेट व्होल्टेजला, किती बायसला (ट्यूबचा प्रवाह ठरवणाऱ्या व्होल्टेजला) ३८, याचा पत्ता नव्हता. तसला इमिशन टेस्टर ट्यूब चालू आहे की गेलेली एवढेच सांगतो, जोडी जुळवत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरी गप्प राहिलो, कारण ते गृहस्थ वयाने मोठे होते, अदबीने बोलत होते, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवणे मला जमले नाही.

घरी प्रत्येक ट्यूबचा प्रवाह मोजायला कॅथोडच्या १० ओहमच्या रेझिस्टरांवर मीटर लावला, तर एकीवर ६८० आणि तिच्या जोडीदारावर ३७० मिलिव्होल्ट, म्हणजेच ६८ आणि ३७ मिलिअँपिअर. ४१० व्होल्टला पहिलीची प्लेट लाल होऊ लागली. प्लेटची मर्यादा २५ वॅट आहे, आणि ती ओलांडली जात होती. हम (सततचा घूं असा आवाज) वाढला आणि खर्ज विरला, कारण ३१ मिलिअँपिअरच्या फरकाने आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्ततेकडे (चुंबकत्व आणखी वाढू न शकण्याच्या स्थितीकडे) जात होता. दोष माझ्या जोडणीचा नव्हता. ट्यूबांची अदलाबदल केली, तर आकडा ट्यूबबरोबर गेला.

पोलीस ठाण्यात दीड तास बसवून ‘हा दिवाणी मामला आहे’ असे सांगितले. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काहीही नाही. बिलावर ‘इलेक्ट्रॉनिक सामान’ एवढेच आहे, म्हणून प्रत्येक टेबलावर मलाच पुरावा मागितला गेला, आणि विक्रेत्याला साधा फोनही कोणी केला नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, हेसुद्धा मला स्वतःच शोधावे लागले.

प्लेट व्होल्टेज, बायस आणि प्रवाह हे तिन्ही आकडे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. शक्य असेल तर प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र बायस पॉट (बायस कमी-जास्त करायची फिरकी) ठेवा. माझी तक्रार आयोगात दाखल झाली आहे. त्या चारही ट्यूबा, ‘३८’ लिहिलेल्या खोक्यांसकट, मी जपून ठेवल्या आहेत.