गिल्ड वॉर्स २ : सात महिन्यांच्या वापरानंतर, मूळ खेळाशी ताडून पाहताना

२००५ साली आलेला मूळ ‘गिल्ड वॉर्स’ हा इंटरनेटवरून खेळायचा संगणक-खेळ मी अनेक वर्षे खेळलो आहे. त्याचा २०१२ मध्ये निघालेला दुसरा भाग मात्र मी गेल्या दिवाळीनंतर प्रथमच उघडला आणि आता सात महिने जवळजवळ रोज खेळतो आहे. नावातील आकडा पाहून जुन्याच खेळाची सुधारलेली आवृत्ती मिळेल असे ज्यांना वाटते, त्यांची माझ्याप्रमाणेच पहिल्या आठवड्यात फसगत होईल. दोन्ही खेळांत दरमहा वर्गणी नाही आणि दोन्हींची भूमी टायरिया आहे. त्यापुढे साम्य शोधावे लागते.

मुख्य फरक असा, की मूळ खेळात विचार वेशीच्या आत करावा लागे आणि दुसऱ्या भागात तो मैदानात, चालत्या बोटांनी करावा लागतो. पहिल्या खेळात हजाराहून अधिक स्किल्स, म्हणजे लढाईतले डाव आणि मंत्र, होती, पात्राच्या दोन पेशांची सांगड घालता येत असे आणि त्या साऱ्यांतून फक्त आठ निवडून शहराबाहेर पडावे लागे. एकदा बाहेर पडल्यावर त्यांत बदल करता येत नसे. आमच्या कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद कुस्तीआधी पठ्ठ्याला समोरच्या मल्लाची खोड सांगून कोणते डाव राखायचे ते ठरवून देतात, तसाच तो प्रकार होता. निवड चुकली तर अर्ध्या तासाने परत फिरावे लागे, कारण प्रत्येक मरणामागे कमाल जीवनशक्ती आणि ऊर्जा १५ टक्क्यांनी घटून ही घट ६० टक्क्यांपर्यंत जाई.

दुसऱ्या भागात पहिली पाच स्किल्स हातातील शस्त्रच ठरवते. निवड राहते ती उपचार, तीन साहाय्यक आणि एक एलिट, म्हणजे सर्वांत प्रभावी, स्किलची, आणि लढाई चालू नसेल तेव्हा तीही कुठेही बदलता येते. त्याबदल्यात घाव चुकवण्याची उडी आली आहे. राक्षसाचा हात उठताना दिसला की त्याच क्षणी बाजूला व्हावे लागते, आणि कोल्हापूरहून खेळणाऱ्याची खरी अडचण येथेच आहे. भारतात सर्व्हर नाही. युरोपच्या सर्व्हरवर माझा पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, साधारणपणे १८० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो आणि जुलैतील पावसात तो ३०० पर्यंत जातो. मग पडद्यावर मी बाजूला झालेला असतो आणि तरीही घाव बसतो. जुन्या खेळात शत्रूचा मंत्र मध्येच तोडणाऱ्या मेस्मरसारख्या पेशांनाच असा त्रास होई, इतरांचे निभावून जाई.

माणसांशी असलेला संबंधही बदलला आहे. पूर्वी शहराबाहेरचे जग केवळ आपल्या पार्टीपुरते, म्हणजे सोबतच्या छोट्या गटापुरते, असे. कोणी सोबती नसेल तर संगणकाने चालवलेले हिरो घेता येत आणि २०११ पासून तर ते सातही घेता येतात, त्यामुळे रात्री उशिरा एकट्यानेही मोठी मोहीम पुरी होई. आता तोच नकाशा शेकडो अनोळखी खेळाडूंचा आहे आणि एखाद्या गावावर हल्ला झाला की वाटेने जाणारे सगळे न बोलावता धावतात. खनिजाची खाण किंवा लूट प्रत्येकाची स्वतंत्र असल्यामुळे दुसरा आला म्हणून मन खट्टू होत नाही. या बाबतीत दुसरा भाग निःसंशय वरचढ आहे. मूळ खेळातील मंक हा उपचार करणारा पेशा मात्र काढून टाकला आहे आणि माझा मुख्य पेशा तोच असल्यामुळे ही तक्रार मी थोडी पक्षपाताने करतो आहे, हे मान्य.

पात्राची लेव्हल २० ऐवजी ८० पर्यंत जाते, यात मला विशेष काही वाटले नाही.

कथेने मात्र मला हलवले. पहिल्या खेळाच्या सुरुवातीला अस्कॅलन हे माणसांचे राज्य हिरवेगार असते आणि काही तासांतच ‘चार’ (Charr) नावाच्या श्वापदासारख्या जमातीच्या हल्ल्याने ते जळून राख होते. दुसरा भाग अडीचशे वर्षांनंतरचा. आता ती भूमी त्या ‘चार’ जमातीचीच आहे आणि त्यांच्या बाजूनेही खेळता येते. मी ‘चार’ जमातीचे पात्र निवडले आणि पडक्या तटाखाली ज्या अस्कॅलनी सैनिकांच्या भुतांशी लढलो, ती सारी एकेकाळची माझीच माणसे होती.

जुन्या खेळातील ‘हॉल ऑफ मॉन्युमेंट्स’ या पराक्रमांची नोंद ठेवणाऱ्या दालनामध्ये मिळवलेले गुण, दोन्ही खाती जोडली की, नव्या खेळात बक्षिसे देतात. कमाल ५० गुण आहेत, माझे २९ झाले आहेत. त्यामुळे सध्या रविवारी संध्याकाळी पुन्हा मूळ खेळच चालू असतो.