ऊर्जाबचतीचा सल्ला: विक्रेता, लेखापरीक्षक की एस्को?

छोटं कार्यालय, दवाखाना किंवा दुकानांची दुमजली इमारत सांभाळणाऱ्याला वीजबिल कमी करून देतो म्हणणारे तिघं भेटतात: उपकरणं विकणारा, फी घेऊन ऊर्जा लेखापरीक्षण (वीज कुठे, किती जाते याची तपासणी) करणारा आणि स्वतःच्या पैशाने सुधारणा करून बचतीत वाटा घेणारी एस्को, म्हणजे ऊर्जा सेवा कंपनी. तिघंही जाणकार असू शकतात. पण त्यांची कमाई कशातून होते, त्यावर सल्ला कुठे झुकणार हे ठरतं.

विक्रेत्याची पाहणी फुकट आणि झटपट होते. काय बदलायचं ते आधीच पक्कं असेल, उदाहरणार्थ जुन्या ट्यूबच्या जागी एलईडी, तर वेगळी फी भरून सल्ला घेणं मला पटत नाही. मात्र त्याने किती तासांचा वापर धरलाय ते बघा. ३६ वॅटच्या ट्यूबऐवजी १८ वॅटची एलईडी रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस जळली तर ५४ युनिट वाचतात. तोच हिशेब २४ तास, ३६५ दिवसांनी मांडला तर आकडा १५७ च्या वर जातो. शिवाय एसी विकणारा एसी बदला असंच म्हणेल. तो एसी रात्री रिकाम्या खोल्या थंड करतोय का, हे शोधून त्याच्या पदरात काही पडत नाही.

लेखापरीक्षकाला पैसे आधी मोजावे लागतात, पण तो काही विकत नसेल तर ‘काहीच विकत घेऊ नका, वेळा बदला’ असं तो मोकळेपणाने सांगू शकतो. अ‍ॅश्रे (ASHRAE) या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने लेखापरीक्षणाच्या तीन पातळ्या मांडल्या आहेत. पहिलीत बिलं तपासून इमारतीत एक फेरी, दुसरीत प्रत्येक उपायाचा खर्च आणि बचत, तिसरीत मोठ्या गुंतवणुकीसाठी बारकाईने मोजमाप. छोट्या इमारतीला बहुधा दुसरी पुरते. कमिशन कुणाकडून मिळतं का, हे त्याला आधीच स्पष्ट विचारा. अहवालात टक्क्यांची नुसती बेरीज नको. एका उपायाने २० टक्के वाचले आणि दुसऱ्याने उरलेल्यातले २० टक्के, तर एकूण बचत ४० नाही, ३६ टक्के होते.

एस्को स्वतः भांडवल घालते, म्हणून हा पर्याय सर्वांत गोड वाटतो. पण करार आणि मोजमापाचा खर्च इमारत लहान असली तरी फारसा घटत नाही, त्यामुळे छोटं काम अनेकदा परवडतच नाही. एखादा भाडेकरू गेला किंवा उन्हाळा सौम्य गेला तरी बिल उतरतं. ती ‘बचत’ कुणाच्या खात्यात? आधीचा वापर कोणता धरायचा आणि असे बदल कसे वळते करायचे, हे आयपीएमव्हीपी (IPMVP) या ऊर्जाबचत मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

माझं मत लेखापरीक्षकाच्या बाजूने आहे. पण त्याला बोलवण्याआधी मीटर स्वतः वाचा. आठवड्याचे तास १६८. इमारत ६० तास उघडी असेल तर १०८ तास बंद. कुलूप लावताना आणि सकाळी उघडताना मीटरचा आकडा टिपा. बंद इमारत सरासरी ४ किलोवॅट ओढत असेल तर आठवड्याला ४३२ युनिट माणसांविना जातात. त्यातला फ्रिज, सर्व्हर यांचा भाग वगळून उरलेली वीज कुठे जाते, हाच प्रश्न सल्लागाराला पहिला विचारा.