बोगद्यात सोडलेला डबा : 'श्पिओने' (१९२८)

मी रेल्वेत गार्ड होतो. सोलापूर-दौंड करण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. शेवटच्या डब्यामागची 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी, रात्री लाल दिवा, एवढं दिसलं तरच गाडी पूर्ण गेली असं स्टेशन मास्तर धरतो. म्हणून 'श्पिओने' या जर्मन मूकपटात सरकारी हेर गाढ झोपलेला असताना त्याचा डबा मागच्या मागे बोगद्यात सोडून देतात, तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो. त्याच रुळावरून दुसरी गाडी येतेय. खरं तर ब्रेकच्या पाइपाचे कॉक बंद केल्याशिवाय डबा असा गुपचूप सुटत नाही, पण त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नाही. तिकडे त्याच्यावर जीव जडलेली सोन्या दुसऱ्या गाडीत आहे आणि ३३१३३ हा त्याच्या डब्याचा आकडा चाकांच्या ठेक्यावर तिच्या डोक्यात घुमतोय. आवाज नसलेल्या चित्रपटात मला चाकांचा खडखडाट ऐकू आला.

'श्पिओने' म्हणजे हेर. आधीच्या 'मेट्रोपोलिस' या चित्रपटाच्या अफाट खर्चानंतर दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने स्वतःची कंपनी काढून केलेला हा पहिला चित्रपट. चाकांच्या खुर्चीत बसलेला हागी वर बँक चालवतो आणि आतून देशोदेशीचे करार चोरतो. हागी झालेला रुडॉल्फ क्लाइन-रोगे ओरडत नाही, हातवारे करत नाही, नुसता बघतो. कथा लांगची तेव्हाची बायको थेआ फॉन हार्बू हिच्यासोबत लिहिलेली. (हिनेच पुढे बेळगावकडच्या पत्रकार आयी तेंडुलकरांशी लग्न केलं.)

मेच्या दुपारी जुळे सोलापूरच्या घरात पडदे ओढून आम्ही दोघं बघत होतो. संवादांच्या पाट्या जर्मन, खाली इंग्रजी; मी हिला मराठीत सांगत होतो. तासाभराने ही म्हणाली, "आता सांगू नका, कळतंय मला."

तेव्हा डॉ. मासिमोतोचा भाग चालू होता आणि माझ्या मते सगळा चित्रपट तिथेच आहे. हा जपानी मुत्सद्दी तीन माणसांना तीन सीलबंद पाकिटं देऊन पाठवतो. तिघेही मारले जातात. पाकिटांत निघतात वर्तमानपत्रं. खरा करार त्याच्याकडेच असतो. आणि पावसात दारात कुडकुडणारी एक पोर दिसते, तिला तो दया येऊन घरात घेतो. ती पोर म्हणजे हागीची हस्तक किटी, तीच तो करार पळवते. मग मेलेले तिघे आपापली पाकिटं पुढे धरून त्याच्यासमोर उभे राहतात. आमच्या हिने डोळ्याला पदर लावला. जपानी माणूस युरोपीय नटाने, लुपू पिकने, रंगवलाय, ते आज खटकतं. पण त्या प्रसंगात त्याचा चेहरा विसरता येत नाही.

सुरुवातीच्या चोऱ्या आणि खून इतक्या झपाट्याने येतात की कोण कोणाचा ते कळत नाही. घाबरू नका, पुढे जुळतं. नायकाच्या प्रेमाचे प्रसंग मात्र लांबलेत. विली फ्रिट्श देखणा आहे, पण हागीपुढे फिका पडतो. शेवट रंगमंचावर होतो, इतकंच सांगतो.

कापलेल्या छोट्या प्रतीही फिरतात, त्या घेऊ नका. दुरुस्त केलेली, जवळपास अडीच तासांची प्रत बघा. जेवणं आधी उरकून घ्या. किटी घरात आल्यावर मध्ये उठू नका.