अँजिओप्लास्टीनंतरचं नर्स-फॉलोअप क्लिनिक: कुठे भरवशाचं, कुठे तोकडं

अँजिओप्लास्टीत धमनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीदार नळीत, म्हणजे स्टेंटमध्ये, गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो. नेमका तेव्हाच पेशंट घरी असतो आणि डॉक्टरांची तारीख लांब असते. ही मधली फट सिस्टर चालवतात ते फॉलोअप क्लिनिक चांगली भरून काढतं. मात्र त्यांना ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार डोस बदलायचा लेखी अधिकार हवा आणि अडलं तर हृदयरोगतज्ज्ञ लगेच फोनवर मिळायला हवेत. तसं नसेल तर तिथे फक्त बीपी मोजून मिळतो.

अँजिओप्लास्टी मनगटातून झाली असेल, तर पहिल्या भेटीत ते कसं तपासतात यावरूनच दर्जा कळतो. जखमेवर नजर टाकून भागत नाही. त्याच हाताच्या अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून करंगळीच्या बाजूची धमनी दाबायची आणि पडद्यावरची लाट बघायची. लाट गेली ती आलीच नाही, तर अँजिओप्लास्टीसाठी वापरलेली धमनी बंद पडलेली असते. दुसऱ्या धमनीतून रक्त मिळत राहिल्यामुळे पेशंटला काही जाणवत नाही, म्हणून हे मुद्दाम शोधावं लागतं. प्रोसिजर जांघेतून झाली असेल आणि तिथे ठोके जाणवणारी गाठ लागली, तर त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी).

या सेवेचा खरा कस गोळ्यांवर लागतो. ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी हार्ट अटॅकनंतर साधारण 12 महिने, तर अटॅक नसताना ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर बहुधा 6 महिने चालते. ही दुसरी गोळी टिकाग्रेलॉर असेल, तर 90 मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ घ्यायची असते, आणि चुकते ती बहुतेक संध्याकाळची. "गोळ्या घेताय ना?" विचारलं की सगळेच हो म्हणतात. चांगली सिस्टर पाकीट मागते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. याच गोळीने काहींना सुरुवातीच्या दिवसांत धाप लागते, आणि घाबरून पेशंट ती परस्पर बंद करतो. स्टेंटच्या दृष्टीने यापेक्षा घातक चूक नाही. अशा वेळी सिस्टर विचारते: धाप बसल्या बसल्या लागते की चालताना? आडवं झाल्यावर वाढते का? पायाला सूज, वजनात वाढ? मग ऑक्सिजन आणि ईसीजी बघून डॉक्टरांना फोन. गोळी बदलायची तर डॉक्टर बदलतील, पण एकही डोस रिकामा जाता कामा नये. एवढी एक गोष्ट नीट सांभाळली तरी क्लिनिकचं सार्थक झालं.

पित्ताची गोळीही बघायला हवी. दुसरी गोळी क्लोपिडोग्रेल असेल, तर तिच्याबरोबर पित्तासाठी ओमेप्राझोल टाळतात, पँटोप्राझोल चालतं. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन थांबवायचं. दात काढण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठलीच गोळी बंद करायची नाही, हे लिहूनच द्यावं.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत बरीच क्लिनिक्स ढिली पडतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू केल्यावर 4 ते 6 आठवड्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तपासायला हवं. 2019 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते 55 मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं, म्हणून तिथेच अडकून न राहता एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडावं लागतं. डोस बदलायचा अधिकार लागतो तो इथे. नाहीतर "पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा" म्हणत महिने जातात. युरोपातल्या 8 देशांत झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोॲक्शन या अभ्यासात परिचारिकांच्या समन्वयाने चाललेल्या कार्यक्रमामुळे आहार आणि बीपी सुधारले होते, तेव्हा मॉडेलमध्ये दम आहे यात शंका नाही.

छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीचं शिक्षण मात्र अनेक ठिकाणी उरकलं जातं. पेशंटकडून ते एकदा करूनच घ्यायला हवं: खाली बसा, एक गोळी जिभेखाली, 5 मिनिटं थांबा, दुखणं तसंच असेल तर ॲम्ब्युलन्स. गेल्या 24 तासांत सिल्डेनाफिल किंवा 48 तासांत टाडालाफिल (लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतली असेल, तर ही गोळी घ्यायची नाही. हा प्रश्न संकोचामुळे विचारलाच जात नाही. मन उदास आहे का, झोप लागते का, हेही तसंच राहून जातं. निव्वळ फोनवरचा फॉलोअप तर "बरं आहे ना?" वर संपतो. मनगट, पाकीट आणि ईसीजी फोनवर दिसत नाहीत, तेव्हा पहिली भेट तरी समोरासमोर असलेलंच क्लिनिक निवडावं.