कुठली तालीम जगवायची?

कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना खेटून आहेत. मैदान 1912 चं, नाट्यगृह 1915 चं. दोन्ही शाहू महाराजांनी बांधलेली. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह जळालं. तुमच्या गावात सरकारी पैसा स्टेडियमसाठी मागायचा की डबघाईला आलेल्या नाट्य-संगीत संस्थेसाठी, हे ठरवायचं असेल तर आधी या दोन वास्तू डोळ्यांसमोर आणा.

स्टेडियमला पैसा मिळणं सोपं आहे. खासदार निधी वर्षाला 5 कोटी, पण तो टिकाऊ मालमत्तेसाठी. प्रेक्षकांची गॅलरी, कुंपण त्यात बसतं. तबलजीचं मानधन, तालमीच्या खोलीचं भाडं, वीजबिल बसत नाही, आणि संस्था बंद पडतात त्या नेमक्या याच खर्चापायी.

मैदानाचा खर्चही फीत कापली की संपत नाही. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती बघा. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात, ती सारखी खणून मऊ ठेवावी लागते. हात फिरला नाही की ती घट्ट होते आणि पोरांची अंगं सोलवटतात.

शाहू महाराज भिंती बांधून थांबले नाहीत. मल्लांच्या खुराकाची सोय केली, गायक अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला. तालीम पैलवानाचीही असते आणि नटाचीही. त्यांनी दोन्ही पोसल्या.

मला विचाराल तर पैसा थोडा असेल तेव्हा तो कलासंस्थेला द्यावा, आणि दर वर्षी द्यावा. ज्या रकमेत गॅलरीचं छप्पर होतं, तेवढ्यात छोट्या संस्थेचे काही वर्षांचे वर्ग निघतात. शिकवणारे एकदा पांगले की पुन्हा जमत नाहीत.

आसपासच्या पोरांना खेळायला जागाच नसेल तर मात्र मैदान आधी. पण गॅलरी नको, सपाट मैदान मागा. किल्ली कोणाकडे आणि देखभाल कोणाच्या खर्चाने, हे लेखी घ्या.

संस्थेसाठी मागताना इमारतीचा प्रस्ताव नेऊ नका. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात वार्षिक अनुदानाची तरतूद मागा. सोबत केंद्राच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेचा अर्ज भरा. त्यात गुरूला महिना 15,000 रुपये आणि शिष्यांनाही मानधन मिळतं.