गुलमर्गची शालेय स्की सहल: उतार उत्तम, बूट मात्र तपासून घ्या

पालकसभेत बर्फाबद्दल विचारतात, टूरवाले हॉटेलचे फोटो दाखवतात. सहल बिघडते ती पहिल्या सकाळी, साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानात. चाळीस मुलं, अर्धा तास, आणि काउंटरपलीकडून फेकल्यासारखे येणारे बूट. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

स्कीचा बूट टणक प्लास्टिकचा असतो आणि त्याचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. निघण्याआधी शाळेतच कागदावर पावलं आखून मोजा. नाव, उंची, वजन, पाऊल अशी यादी दुकानाला आधी पाठवा. नाहीतर एक नंबर मोठा बूट गळ्यात पडतो, कारण तो पटकन चढतो आणि मूल लगेच ‘बरोबर आहे’ म्हणतं. तासाभरात टाच आत वरखाली व्हायला लागते, स्की वळत नाही आणि पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाहीये. योग्य बुटात ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकतो, गुडघे वाकवले की सुटतो. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. घरून दोन-दोन लोकरी मोजे येतात. त्यांनी रक्त अडतं, घडी पडून फोड येतो आणि पाय उलट जास्त गारठतात. थर्मलची पाटलोणही बुटात खोचायची नाही. घोट्यावरचं बकल आधी घट्ट, बोटांवरचं सैलसर.

दुसरी तपासणी बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याची, आणि इथे शिक्षकाने संकोच करू नये. पडल्यावर बूट स्कीपासून सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. किती जोराने सुटेल ते पुढच्या आणि मागच्या भागावरच्या छोट्या खिडकीतल्या आकड्यावर ठरतं. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून लावतात; सातवी-आठवीच्या नवशिक्यांसाठी साधारण 2 ते 4 च्या दरम्यान येतो. आदल्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे एखाद्या ऐंशी किलोच्या माणसाचा आकडा तसाच राहिलेला असू शकतो. खिडकीत 7 दिसला तर स्क्रूड्रायव्हर मागवा आणि दुकानदाराकडूनच कमी करून घ्या, स्वतः फिरवू नका. बुटाखाली बर्फ चिकटलेला असेल तर बाइंडिंग नीट बसत नाही, म्हणून प्रत्येक वेळी तळवा खरवडून मगच पाय ठेवायचा. स्की छाती ते हनुवटी एवढी उंच पुरे. हेल्मेट भाड्यात धरलंय का, हे लेखी घ्या. हेल्मेटखाली माकडटोपी चालत नाही. पट्टा घट्ट वाटतो, पण हेल्मेट डोक्यावर फिरत राहतं.

आता उतार. नवशिक्यांसाठी भारतात गुलमर्गइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. गाव सुमारे 2650 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर, एका मोठ्या वाटीसारख्या कुरणात आहे. या वाटीच्या कडेचे सौम्य उतार शिकायला छान: घसरत गेलं तरी खाली सपाटी येते आणि स्की आपोआप थांबते. 1968 पासून इथे केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे, त्यामुळे गावात शिकवण्याची परंपरा जुनी आहे. स्थानिक इन्स्ट्रक्टर कौशल्याने बहुतेक पक्के असतात. कमी पडतो तो वेळ आणि माणसांची संख्या. एका इन्स्ट्रक्टरमागे आठच्या वर मुलं घेऊ नका. बारा असली की अकरा जण रांगेत गारठत उभे राहतात.

पहिल्या दिवशी पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, नकोच. एका स्कीवर ढकलत चालणं, मग दोन्हीवर, आडव्या पायऱ्या टाकत वर चढणं, कुशीवर पडणं आणि उठणं, एवढ्यात दिवस जातो. उठताना स्की उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला हव्यात. त्या उताराच्या दिशेने असतील तर मूल अर्धं उठतं न उठतं तोच पुन्हा निघतं. ब्रेक म्हणजे उलटा व्ही: टोकं जवळ, शेपट्या लांब, आतल्या कडा बर्फात. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे भीतीने मागे रेलणं. वजन मागे गेलं की टोकं हलकी होतात, ब्रेक लागत नाही, वेग वाढतो, आणि मूल आणखी मागे रेलतं. ‘नडगी बुटावर दाब’ हे एक वाक्य मराठीत ओरडत राहिलात तरी इन्स्ट्रक्टरचं निम्मं काम होतं.

ड्रॅग लिफ्टवर, म्हणजे उभ्या स्कीअरला उतारावर ओढत नेणाऱ्या दोरावर, सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दांड्याच्या टोकाची चकती मांड्यांमध्ये घ्यायची आणि उभं राहायचं. ती ओढते, बसायला देत नाही. झोपाळा समजून बसलं की मूल आडवं, आणि मागचे दोघे त्याच्यावर. पडल्यास दांडा सोडून लगेच बाजूला सरकायचं, ही रंगीत तालीम सपाटीवर करून घ्या.

गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा सुमारे 3100 मीटरवरच्या कोंगडोरीला जातो. एक दिवस बघायला म्हणून ठीक. जवळपास 4000 मीटरवरच्या अफरवाटचा दुसरा टप्पा शाळेच्या कार्यक्रमातून काढून टाका. वरचे उतार तरबेज स्कीअरचे आहेत, हिमस्खलनाचा धोका खरा आहे आणि वारा वाढला की हा टप्पा बंदच असतो.

दिवस किती? ‘तीन दिवसांत स्कीइंग’ छापणारं पॅकेज घेऊ नका. साधारण तिसऱ्या दिवशी वळण जमायला लागतं आणि नेमकं तेव्हाच सामान बांधायला घ्यावं लागतं. उतारावर पाच दिवस हवेत, शिवाय परतीला एक मोकळा दिवस. बर्फात किंवा धुक्यात श्रीनगरची विमानं रद्द होतात. रेल्वेने जायचं तर मुंबईहून स्वराज एक्सप्रेसने कटरा आणि तिथून जून 2025 पासून सुरू झालेली श्रीनगरची वंदे भारत. तंगमर्गनंतरच्या शेवटच्या तेरा किलोमीटरच्या चढाला ताज्या बर्फात चाकांना साखळ्या लागतात. त्याचे पैसे कोण देणार, ते आधी ठरवा. नाताळची सुट्टी शाळेला सोयीची, पण तेव्हा बर्फाचा भरवसा नसतो. जानेवारी 2024 मध्येही गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं, आणि 2025 च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी खेलो इंडियाच्या स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. त्यामुळे बर्फ नसेल तर किती पैसे परत, ही अट करारात हवीच. एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न पालक विचारणारच. सरकारी सूचना बदलल्यास रद्द करण्याची अटही त्याच कागदावर घ्या.

सोबत जाणाऱ्या शिक्षकांसाठी थोडं. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, किमान दोघांकडे पोस्टपेड हवं. लघवीला जाऊन मगच बूट. नंतर पाच थर उतरवायला पंधरा मिनिटं जातात, आणि मुली ते टाळण्यासाठी पाणी पिणं सोडतात. मग डोकं दुखतं आणि सगळे उंचीला दोष देतात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, कारण बर्फावरून ऊन खालून वर येतं. जीन्स आणि लोकरी हातमोजे घरीच ठेवायला सांगा; दोन्ही तासाभरात चिंब होतात. खिशात चिक्की बरी, चॉकलेट दगड होतं.

शाकाहारी जेवणाची अडचण नाही. राजमा-भात सगळीकडे मिळतो, आणि कहव्यावर मुलं खूश असतात. हॉटेलची पारख गादीवरून करू नका, वीज गेल्यावर काय करतात ते विचारा. धुराडं असलेली बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, चालेल. कांगडी (निखाऱ्यांचं टोपलीतलं मडकं) किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपण्याआधी बुटांचे आतले अस्तर काढून बुखारीपासून हातभर लांब सुकत ठेवा. फार जवळ ठेवले तर आकसतात, आणि दुकानदार पैसे कापून घेतो.